बंबाची गळती

भोंगा वाजला तसे सगळे आपापल्या पडद्यांना डोळे लावून बसले. मी उभीच. शॉटच्या वेळी मला खुर्चीत बसवतच नसे. पेनाचं टोपण चावत मी देवपुजारी सरांच्या मागे येरझाऱ्या घालत होते.

"कुंदा, बस गं बाई एका जागी. तू फिरून राहिलीस आणि मला गरगरून राहिलंय."

"सर, शॉट!"

भिंतीपलीकडच्या हॉलमध्ये धप्प असा आवाज झाला, जमीन किंचित हादरली आणि संपलं. शॉट म्हणजे एवढंच. सकाळपासून दहा माणसं राबतात आणि पापणी लवायच्या आत सगळं आटोपतं. मग पडद्यावर रेघा उमटायला लागल्या. सरांनी नाक पडद्याला टेकवायचंच काय ते बाकी ठेवलं होतं.

"लाल रेघ वाच. खाली आहे?"

"खाली आहे, सर."

"किती?"

"पूर्वीच्या निम्मी. कालच्यासारखीच."

सरांनी टाळी वाजवली. अहो, टाळी! ज्या माणसाला आम्ही कधी मनमोकळं हसताना पाहिलं नव्हतं, त्याने टाळी वाजवली आणि खणातून संत्रा बर्फीचा पुडा काढून टेबलावर ठेवला. एकच गलका झाला. व्हॅक्यूमचे तंत्रज्ञ ढोकभाऊ दारातून आत आले, एक वडी तोंडात आणि एक खिशात घालून परत गेले. मी मात्र दुसऱ्या पडद्यासमोर जाऊन उभी राहिले. तिथली निळी रेघ जिथे महिन्यापूर्वी होती तिथेच होती. तसूभरही हललेली नव्हती.

ही गोष्ट पंचवीसेक वर्षांपूर्वीची. नागपूरच्या बाहेर, अमरावती रोडपासून बरंच आत, माळावर आमचं छोटं केंद्र होतं. आता तिथे कोणाचं तरी गोदाम आहे. हॉलच्या मधोमध मेदूवड्याच्या आकाराचं, पोटात पोकळ असं एक पोलादी यंत्र उभं होतं. त्यात हायड्रोजन भरायचा आणि तो इतका तापवायचा की सूर्याच्या पोटात चालतं तसलं काहीतरी चालू व्हावं. इतकी आग कुठल्या भांड्यात मावायची? म्हणून ती चुंबकाने अधांतरी धरून ठेवायची, भिंतीला लागू द्यायची नाही. कागदावर ते फार छान दिसतं. प्रत्यक्षात सगळं गळतं. तापलेले कण गळतात, त्यांची ऊब गळते. जगभरचे लोक ही गळती कशी होते ते शोधण्यात हयात घालवतात. माझी पीएच.डी. त्यावरच होती. आई शेजारपाजाऱ्यांना सांगायची, "आमची पोरगी नळागिळाचं काहीतरी करते."

यंत्राला सरकारी कागदावर भलंमोठं नाव होतं. आम्ही त्याला बंब म्हणायचो. न्हाणीघरातला तांब्याचा बंब असतो ना, तो. एकदा ढोकभाऊ वैतागून म्हणाले होते, "बाप्पा, एवढी लाइट जाळून आपला बंब काही गरम राहत नाही." तेव्हापासून तेच नाव चिकटलं. सरसुद्धा बंबच म्हणायचे.

आणि हा बंब सोमवारी राहणार की जाणार ते ठरायचं होतं. समिती येणार होती. वीज फार खातो, वर्षानुवर्षं नवं काही दाखवत नाही, अशी वर कुरकुर सुरू होती. समितीने मान हलवली नाही तर बंद. सरांनी उमेदीची सगळी वर्षं ह्या यंत्रात घातलेली. परदेशातल्या नोकऱ्या नाकारल्या, मूलबाळ नव्हतं, तीन वर्षांपूर्वी शरयूकाकू गेल्या तेव्हापासून घरही नावालाच उरलेलं. बंब गेला तर ह्या माणसाने सकाळी उठून जायचं कुठे, हा प्रश्न आम्हा सगळ्यांना पडायचा. तोंडाने कोणी बोलायचं नाही.

म्हणून तर महिन्यापूर्वी यंत्र उघडून आतल्या भिंतींना नवा लेप दिला होता. कण भिंतीवर आपटून परत येतात तेव्हा कडेला लालसर उजेड पडतो. एका छोट्या काचेतून तो उजेड मोजायचा. उजेड जास्त म्हणजे गळती जास्त. लेपानंतर शॉटची नवी फेरी सुरू झाली आणि तो उजेड एकदम निम्मा! म्हणजे कण दुप्पट वेळ थांबायला लागले. समितीला दाखवायला ह्याहून चांगलं काय हवं?

"तुला बर्फी नको?" सरांनी विचारलं.

"सर, ही निळी रेघ बघा. ऊब का थांबत नाहीये?"

"काय?"

"कण थांबले म्हणतोय आपण. मग ऊब थोडी तरी थांबायला पाहिजे की नाही? आपल्या बंबात ऊब निम्मीशिम्मी कणांबरोबरच बाहेर पडते. पाणी गळायचं थांबलंय आणि बंब मात्र पूर्वीइतक्याच वेळात गार होतोय. हे कसं?"

गलका जरा कमी झाला. सरांनी पुडा बंद केला.

"दोन्ही गोष्टी वेगळ्या चालू शकतात. वाचलं नाहीस का कुठे?"

"वाचलंय. पण इतक्या वेगळ्या? लेपाने निळ्या रेघेला धक्कासुद्धा लावू नये?"

"कुंदा," सर हळू आवाजात म्हणाले, "सोमवारपर्यंत तोंडाचा पट्टा जरा आवर. मंगळवारी हवं ते विचार."

मला राग आला. खरं सांगते, भयंकर आला. कारण ह्याच माणसाने मला शिकवलं होतं की मनात आलेली शंका मंगळवारपर्यंत ठेवायची नसते.

रविवारी जेवण गेलं नाही. मे महिन्याचं ऊन, खोलीतल्या कूलरचा घर्रर्र आवाज आणि डोक्यात ती निळी रेघ. दुपारी उठले, डोक्याला ओढणी गुंडाळली आणि सायकल हाणत हॉलवर गेले. बाकी सगळं तपासून झालं होतं. ज्या डोळ्याने आम्ही तो लाल उजेड मोजायचो तो डोळाच एकदा बघायचा राहिला होता. लेपाच्या आधी मीच तो नीट लावून, मापून दिला होता. पण मधल्या काळात यंत्र उघडलं, दहा हात लागले, कोणी धक्का दिला असला तर?

हॉलच्या दारात ढोकभाऊ स्टूल टाकून पंपांवर लक्ष ठेवत बसले होते.

"ढोकभाऊ, चावी द्या. उजेडाचा डोळा बघायचाय."

"आज काहून?" ते उठलेच नाहीत. "उद्या पाव्हणे येणार हायेत. लावलेल्या गोष्टीले आज हात नोका लावू, ताई."

"हात नाही लावत. नुसतं बघते."

"सायेबाले विचारलं का?"

"तुम्ही कधीपासून साहेबांना विचारायला लागलात?"

तरी ते चावी देईनात. ढोकभाऊ म्हणजे 'घे बापा चावी आणि डोकं नको खाऊ' म्हणणारा माणूस. आज चावी मुठीत घट्ट धरून बसलेले. मग तर मला जावंच लागणार होतं. मी सरळ त्यांच्या मुठीतून ती ओढून घेतली आणि आत गेले. मागून चपला घासत तेही आले.

बंबाच्या मागच्या बाजूला दिवा नव्हता. टॉर्च मारला. काच तळहाताएवढी, भोवती पोलादी कडं, समोर वीतभर अंतरावर तो मोजणारा डोळा. डोळा जागच्या जागी होता. आणि काचेवर, बरोबर त्याच्या नजरेच्या रेषेत, काळा डाग होता. बोटाच्या पेराएवढा, एका बाजूला ओघळल्यासारखा फिसकटलेला.

वास घेतला. तूप आणि कापूर. घरी धरलेलं काजळ.

क्षणभर मला हसूच आलं. मग हसू गेलं आणि डोक्यात सणक गेली. निम्मा उजेड! लेप नाही, विज्ञान नाही, काही नाही. काचेला गालबोट लावलंय, म्हणून उजेड निम्मा!

"ढोकभाऊ, हे काय आहे?"

ते टॉर्चच्या उजेडाबाहेर उभे होते.

"काय आहे म्हणते मी! उद्या समिती येणार, सरांच्या जन्माचं काम पणाला लागलंय, आणि तुम्ही यंत्राला काजळ लावून ठेवता? दृष्ट काढायची हौस होती तर भिंतीला लावायचं ना! काचेला?"

मला त्यांचाच संशय यायचं कारण होतं. दोन वर्षांपूर्वी खंडेनवमीला ढोकभाऊंनी बंबाला झेंडूची माळ घातली, हळदकुंकू वाहिलं आणि नारळ फोडणार तेवढ्यात सर आले. आडनाव देवपुजारी, पण देवाशी उभा दावा. माळ उतरवली, नारळ खिडकीतून बाहेर भिरकावला आणि म्हणाले, "ज्याला पूजा करायची त्याने देवळात नोकरी धरावी." ढोकभाऊ त्यानंतर कितीतरी दिवस सरांशी कामापुरतंच बोलायचे.

"बोला ना!"

"हो," ते म्हणाले. "म्याच लावलं."

इतक्या पटकन कबूल करतील असं वाटलं नव्हतं.

"पुसा मग. आत्ताच्या आत्ता."

"माझ्या हातानं नाही होणार थे. तुमाले पुसा लागते तं पुसा."

मी पुसलं नाही. आधी सरांना दाखवायला हवं होतं. सायकल काढली आणि तशीच त्यांच्या क्वार्टरकडे सुटले.

शरयूकाकू असताना त्या घरात पाऊल टाकलं की आधी गोळाभाताचा वास यायचा. शॉटच्या दिवसांत आम्हा सगळ्या पोरापोरींना त्या तिथे जेवायला घालायच्या. आता खिडक्या बंद, वाळ्याचा पडदा कोरडा, आणि सर टेबलाशी उद्या दाखवायच्या पारदर्शिका एकेक करून डोळ्यांजवळ धरत होते. अगदी जवळ, नाकाशी.

मी धापा टाकतच सगळं सांगितलं. त्यांनी हातातली पारदर्शिका खाली ठेवली.

"कुठे म्हणालीस?"

"काचेवर."

"नक्की काचेवर? कड्यावर नाही?"

"सर, कड्यावर असतं तर उजेड निम्मा कशाला झाला असता?"

"हं. बरोबर आहे." ते गुडघ्यावर हात दाबून उठले, माठातलं पाणी ओतून माझ्यासमोर ठेवलं. थोडं पाणी सांडलं. "पी. ऊन लागेल."

"ढोकभाऊंनी कबूल केलंय. त्यांनीच लावलं म्हणाले."

"ढोक असं म्हणाला?"

"हो. ह्या माणसाला आता तरी..."

"ढोकला एक शब्दही बोलायचा नाही. समजलं? काच पुसलीस?"

"नाही."

"मग पुसू नकोस. उद्या तशीच राहू दे."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "तशीच? आणि समितीसमोर शॉट?"

"घेऊ."

"त्या काचेतून? सर, तो आकडा खोटा आहे!"

"माहीत आहे."

"मग तुम्ही दाखवणार? तो?"

"तू जा आता, कुंदा," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, उलट पार खाली गेला होता. "जा. मला जरा एकट्याला बसू दे."

मी पाण्याला हातही न लावता निघाले. वाटेत सायकल थांबवून एका बाभळीखाली रडले, रागानेच. ज्या माणसासाठी मी बापाशी भांडून फिजिक्स घेतलं तो माणूस माझ्या डोळ्यांसमोर खोटं बोलणार होता आणि मी काय करायचं होतं? समितीला सांगायचं? म्हणजे बंब मीच बंद पाडायचा. गप्प बसायचं? तर माझा प्रबंध त्याच काजळावर उभा राहणार. होस्टेलवर येऊन मी खोलीतल्या खोलीत फिरत राहिले. शेजारची मुलगी दार ठोकून म्हणाली, "काय पलंग सरकवून राहिलीस का गं?"

सोमवारी सकाळी कंट्रोल रूममध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. समितीचे चौघे आले होते. प्रमुख मुंबईचे डॉ. हेबळे, उंच, शांत, पांढऱ्या मिशांचे. त्यांच्याबरोबर एक तरुण सदस्य, जो प्रत्येक वाक्यानंतर घड्याळ बघायचा. मी ठरवून आले होते. सरांनी तो आकडा वाचला की मी तोंड उघडणार. पुढे जे व्हायचं ते होवो.

भोंगा वाजला. धप्प.

"लाल रेघ?" सरांनी विचारलं.

"निम्मी," मी म्हणाले.

हेबळे पुढे वाकले. भुवया वर गेल्या. "देवपुजारी, हे खरंच चांगलं आहे हो. इतक्या छोट्या यंत्रात? मला वाटलं नव्हतं." तरुण सदस्यानेही घड्याळ बघायचं सोडलं. मागे उभ्या असलेल्या आमच्या पोरांनी एकमेकांना कोपर मारलं. सर पडद्याकडे बघत होते. त्यांना त्यात काही दिसत होतं की नाही, देव जाणे. पण बघत होते, आणि चेहऱ्यावर असं समाधान होतं की माझं उघडलेलं तोंड तसंच राहिलं.

मग ते वळले. "ढोक, कापूस आणि स्पिरिट आणा. हेबळे, सगळ्यांनी जरा हॉलमध्ये चला. काहीतरी दाखवायचंय."

वीज तोडली, दार उघडलं, सगळी वरात बंबाच्या मागे गेली. सरांनी माझ्या हातातला टॉर्च घेऊन काचेवर मारला.

"हा डाग दिसतो? आत्ता बघितलात तो आकडा ह्याच्यामुळे आहे. लेपामुळे नाही."

सरांनी कापूस स्पिरिटमध्ये बुडवला. काच कुठे आहे ते आधी बोटांनी चाचपलं आणि मग पुसली, पुन्हा पुन्हा पुसली. कापूस काळा झाला.

"आता परत शॉट घेऊ."

दुसऱ्या शॉटला लाल रेघ वर गेली. महिन्यापूर्वी, लेपाच्या आधी होती तिथे. लाल आणि निळी, दोन्ही रेघा आता एकमेकींशी नीट जुळत होत्या. कणही गळत होते, ऊबही गळत होती.

"हा आमचा खरा आकडा," सर म्हणाले.

"आधी सांगितलं असतंत," हेबळे म्हणाले, "तर पहिला शॉट वाया गेला नसता."

"तोंडाने सांगितलं असतं तर लेपाचा उपयोग झाला नाही हे तुम्हाला पटलं असतं, पण कशामुळे फसलो ते दिसलं नसतं." सर थांबले. "आणि खोटं कशाला बोलू? एकदा तो आकडा चारचौघांत बघायचा होता. बघितला."

तरुण सदस्याने कापसाचा बोळा उचलून हुंगला. "हे आहे काय पण? ग्रीस?"

ढोकभाऊ गर्दीतून पुढे घुसले. "सायेब, थे म्या..."

"ढोक, गप्प बसा," सर म्हणाले. "काजळ आहे. मी लावलंय."

आमच्यातलं कोणीतरी "काय?" असं मोठ्याने म्हणालं. तरुण सदस्य हसला, म्हणजे त्याला ते आवरता आलं नाही. "दृष्ट लागू नये म्हणून? तुम्ही?"

"मी मानत नाही. देव नाही, दृष्ट नाही, काही नाही. पहिला शॉट झाला त्या दिवशी माझी बायको डबा घेऊन इथे आली होती. तिने डोळ्यातलं काजळ बोटावर घेतलं आणि बंबाच्या पायाला टेकवलं. मी ओरडलो तिच्यावर, सगळ्यांसमोर. ती म्हणाली, ओरडा तुम्ही. तुम्हाला एकट्यालाच थोडंच झालंय हे." सरांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "पुढे प्रत्येक फेरीच्या आधी ती यायची आणि लावून जायची. मी ऑफिसात असताना. हा ढोक दार उघडून द्यायचा. दोघांना वाटायचं मला पत्ता नाही. ती गेल्यावर कोण लावणार? घरात तिची डबी होती. पायाशी लावायचो, लोखंडाला. त्याने काही बिघडत नाही. ह्या वेळी गुडघ्याने वाकू दिलं नाही, म्हणून वर कड्याला लावलं. मला वाटलं कड्याला लावलं. डोळ्यांत मोतीबिंदू आहे दोन्ही."

सरांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

"देवाला मी मानत नाही, हेबळे. तिला मानत होतो."

हेबळ्यांनी मिशीवरून बोट फिरवलं. मग आपल्या माणसाकडे वळून म्हणाले, "दुसऱ्या शॉटचा आकडा लिहून घ्या."

सगळे बाहेर पडले. मी ढोकभाऊंना कोपऱ्यात गाठलं. "तुम्हाला माहीत होतं. मग 'म्याच लावलं' काय म्हणून सांगितलंत? मी वाट्टेल ते बोलले तुम्हाला."

"बोलल्या तं बोलल्या. मले तं तुमी रोजच बोलता," ते म्हणाले. "सायेबाचं नाव कसं सांगू, बाप्पा? नारळ फेकला होता ना त्यायनं. लोक हसले असते."

लोक हसलेच. निकाल महिन्याभरात आला. बंब बंद. कारणं दिली होती ती वीज, खर्च, नव्या निष्कर्षांचा अभाव अशी. काजळाचा उल्लेख कुठेही नव्हता, हे हेबळ्यांचं सौजन्य. पण किस्सा कुठे थांबतो? पुढे कित्येक वर्षं, कुठल्याही परिषदेत गेले की जेवणाच्या वेळी कोणीतरी विचारायचंच, "ते गालबोटवाले देवपुजारी तुमचेच का हो?" मी हो म्हणायचे आणि ताट घेऊन दुसरीकडे जायचे. माझा प्रबंध मात्र झाला. गळतीवरच झाला, जशी होती तशी.

बंब सुटा करून एका इंजिनिअरिंग कॉलेजला द्यायचं ठरलं. पावसाळा संपत आला होता. प्रत्येक भाग स्वच्छ करून पेटीत घालायचा असा नियम. शेवटच्या दिवशी क्रेनने यंत्राचं धूड उचललं आणि चारी पाय मोकळे झाले. त्यातला मागचा पाय ढोकभाऊंनी आडवा केला, तशी आतल्या बाजूला एक रांग दिसली. काळे ठिपके. एकाखाली एक, गंधाच्या टिकलीएवढे, वरपासून खालपर्यंत.

तेवढ्यात सर आले. मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं झाली होती, काळा चष्मा उतरला होता. ढोकभाऊंनी पुढे केलेल्या स्टुलावर ते बसले आणि त्या पायाकडे बघू लागले. मला वाटतं, त्यांनी ती रांग नीट अशी पहिल्यांदाच पाहिली.

"अरे," ते म्हणाले. "तिचे सगळे गोल आहेत."

आम्ही वाकून पाहिलं. खरंच. ओळीने गोल, एकसारखे, जणू छापलेले. आणि तळाशी शेवटचे काही फिसकटलेले, वाकडे, रांग सोडून गेलेले.

"इथपर्यंत ती," त्यांनी बोट ठेवलं. "इथून मी. काय ही अवस्था! माझ्या हातून एक धड ठिपका पडला नाही."

ते हसले, आणि हसता हसता डोळे भरून आले तेही लपवले नाहीत. मग माझ्याकडून कापूस मागून घेतला. स्वतःचे ठिपके एकेक करून पुसून काढले, अगदी लख्ख. तिच्या पहिल्या ठिपक्याशी आल्यावर हात थांबला. कापूस माझ्या हातात दिला आणि उठले.

"उरलेले तू पूस. मला वाकवत नाही."

इतका वेळ ते स्टुलावर बसूनच पुसत होते. वाकायचा प्रश्नच नव्हता. पण ते दाराकडे चालू लागले होते. मी ढोकभाऊंकडे पाहिलं.

"माझ्याकडं नोका पाहू," ते म्हणाले. "माझ्या हातानं नाही होणार, हे म्या तवाच सांगतलं तुमाले."

मी त्या रांगेसमोर उकिडवी बसले. हातात स्पिरिटचा ओला कापूस, नाकात त्याचा वास. एक डाग काचेवर राहिला म्हणून उन्हातान्हात सायकल हाणणारी मी!

"झालं का गं?" सरांनी बाहेरून विचारलं.

"झालं, सर," मी म्हणाले. ढोकभाऊंनी तो पाय पेटीत ठेवून झाकण सरकवलं आणि पहिला खिळा ठोकला.

सर जाऊनही आता बरीच वर्षं झाली. ढोकभाऊ वर्ध्याला मुलाकडे असतात. बंब त्या कॉलेजात अजून आहे, अधूनमधून चालतोही. परवा तिथल्या एका मुलीने कुठून तरी माझा नंबर मिळवून फोन केला. प्रकल्प करतेय म्हणाली. आवाजावरूनच कळत होतं की एका जागी उभी नाहीये.

"मॅडम, गळती फार आहे हो. कण नाही थांबत, ऊबही नाही थांबत. मी सगळं स्वच्छ करून बघणार आहे. एका पायावर ओळीने कसले तरी काळे ठिपके आहेत, तेही घासून काढू का?"

"काचेवर आहेत?"

"नाही. पायावर. आतल्या बाजूला."

"मग राहू दे," मी म्हणाले. "त्याने काही बिघडत नाही."